मल्लखांबामागची चाल

सुखदेवभाऊ,

तुमच्या घरी बसायला आलो तेव्हा शेवंतावहिनींनी मला ओळखलंच नाही, असं मला वाटलं. दारात चपला काढता काढता मी म्हणालो, "वहिनी, मी मनोहर. अमरावतीच्या आखाड्यातला. आता इकडं बाळापूरला शाळेत ड्रिल मास्तर आहे." त्या म्हणाल्या, "मालूम आहे. बसा." आणि आत निघून गेल्या. मी सतरंजीच्या कडेला बसलो. अकोल्याच्या डाळमिलमधले तुमच्यासोबतचे पाच-सहा जण बसले होते, कोणी माझ्याशी बोललं नाही.  भिंतीवर खुंटीला तुमचं क्लारनेट लटकत होतं, त्याच्या पेटीत, आणि मी तिकडं पाहायचं टाळत होतो.

तुम्ही गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं, तेही शाळेतल्या एका पोरीकडून. तिचा बाप तुमच्याच मिलमध्ये हमाल. ती सहज म्हणाली, "सर, आमच्या बापूच्या मिलमधले क्लारनेटवाले काका वारले." मी म्हटलं, "हो का?" आणि रांगेला 'सावधान' दिलं. भाऊ, माझ्या तोंडून त्या वेळी एवढंच निघालं.

शाळेत बोलून बोलून माझी भाषा पुस्तकी झाली आहे. तुम्ही असते तर म्हणाले असते, "काहून बे मन्या, पुन्याले जाऊन आला काय?" म्हणा. आज काहीही म्हणा. मला जे सांगायचं आहे ते मला नीट, ओळीनं सांगू द्या. नाहीतर मी पुन्हा मधूनच पळ काढीन.

आधी त्या चालीबद्दल. तिला नाव नव्हतं. पोट्टे तिला 'चढाची चाल' म्हणायचे, वस्ताद नुसतंच 'ते' म्हणायचे. "सुखदेव, ते सुरू कर." चार सूर वर, दोन खाली, पुन्हा चार वर. पोरगा मल्लखांबाला हात लावून सलामी द्यायचा आणि ती सुरू व्हायची. तो चढत असेपर्यंत तेच वळण गोल गोल फिरत राहायचं. कोणाच्या पायाची अढी खांबाला पहिल्या झटक्यात बसली नाही, तर तुम्ही वळण आणखी एकदा फिरवायचे, पाहणाऱ्याला कळायचंही नाही. पोरगा वर खांबाच्या टोकाला, बोंडावर उभा राहिला की एकच सूर लांब धरायचे. तो श्वास घेईपर्यंत, त्याचा पाय थरथरायचा थांबेपर्यंत. मग उतरतं वळण, आणि त्याचा शेवटचा ठोका पडायचा तो पोराचे पाय मातीला लागायच्याच वेळी. लोक म्हणायचे, पोरं काय तालात उड्या मारतात राव! कसले तालात, डोंबलाचे. ताल तुम्ही आमच्या पायांवरून वाजवत होते.

आणि कार्यक्रम संपल्यावर एखाद्याला विचारलं असतं की मागं काय वाजत होतं, तर त्याला सांगता आलं नसतं. "वाजत होतं बुवा काहीतरी." बस, एवढंच. तुम्हाला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मी एकदा तुम्हाला तसं म्हटलं तर तुम्ही हसले. "मन्या, लोकाईनं चाल आयकली म्हंजे पोराकडचं ध्यान उडालं त्याईचं. मंग मी चुकलो ना."

मला पहिल्यांदा तुम्ही आखाड्यात आले ते आठवतं. मी सोळा वर्षांचा होतो, शिकायला म्हणून गावाहून अमरावतीला आलेला आणि शिकण्यापेक्षा मल्लखांबाच्या नादी लागलेला. तुम्ही छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि लग्नाचा बँड सोडून दिला होता. वरातीपुढं घसा कोरडा होईपर्यंत वाजवायचं, आणि मग गोठ्याजवळ, सगळ्यांच्या मागून, आपलं ताट आपण नेऊन जेवायचं. तुम्ही म्हणाले, "बस झालं ते." दिवसा जिनमध्ये सरकी-कापसाच्या धुळीत काम करायचे आणि क्लारनेट ट्रंकेत पडून होतं. वस्तादांनी तुम्हाला कुठंतरी ऐकलं होतं. ते घरी आले तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलं की पोराईसाठी वाजवतो. मारुतीच्या आरतीले वाजवणार नाही. हार नको, नारळ नको. "पन मले बसाले खुर्ची पाह्यजे."

वस्ताद म्हणाले, "देल्ली."

आणि ती खुर्ची आली. लाकडी, हातांची. आखाड्याच्या मातीच्या हौदापासून तीन पावलांवर. कमिटीतल्या मंडळींच्या ती डोळ्यांत खुपायची हे आम्हा पोरांनासुद्धा कळायचं. "खुर्चीवर बसून वाजवते म्हणे. उद्या आपल्याले उभं ठेवीन." चिटणीस तर तुमच्याकडं पाहून बोलायचे नाहीत, बोलायचं असलं तर वस्तादांमार्फत. तुम्ही मात्र रोज संध्याकाळी धुतलेला सदरा घालून यायचे आणि त्या खुर्चीवर ताठ बसायचे. मी तुम्हाला कधी टेकून बसलेलं पाहिलं नाही.

तुमची-माझी गट्टी जमली ती भांडणातून. मी म्हणायचो, भाऊ, तुम्ही मोजून वाजवा. सोळा ठोक्यांत चढणं, आठात उभं राहणं, आठात उतरणं. म्हणजे आम्ही तेवढ्यात बसवू. तुम्ही म्हणायचे, "मोजून ज्वारी भरतेत बे. उडी मोजून मारशीन तं तंगडी मोडशीन." मी म्हणायचो, मग मालक कोण? मी का क्लारनेट? "कोनीच नाही. तू मायाकडं कान ठेव, मी तुया पायाकडं डोये ठेवतो. दोघाईतून एकानं जरी सोडलं तं संपलं." हे भांडण आपण तीन वर्षं भांडलो आणि मला ते कधीच पुरतं पटलं नाही. मला वाटायचं, खांबावर मी, टाळ्या मला, मग मी का थांबायचं तुमच्या सुरासाठी?

दुसरं भांडण तुम्हाला आठवत असेल. की मुद्दाम विसरले होते? ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात तुम्हाला म्हणालो, "भाऊ, लग्नात तुम्हीच वाजवायचं. मी बाबांना शब्द देऊन बसलो." तुम्ही म्हणाले, "लग्नात नाही वाजवत, तुले मालूम आहे." मी म्हणालो, "माझ्यासाठीसुद्धा नाही?" तुम्ही म्हणाले, "तुयासाठी येतो ना. जेवाले येतो. पत्रिका दे."

पत्रिका दे. एवढीशी गोष्ट. माझ्या पिशवीत त्या दिवशी वीस पत्रिका होत्या, हळदीचं बोट लावलेल्या. मी म्हणालो, "आणतो उद्या." आणि आणली नाही. आमच्या अंगणात, आमच्या भावकीच्या पंगतीत तुम्ही पाटावर बसलेले मला डोळ्यांपुढं आणता आलं नाही. बाबांना काय सांगू, काकांना काय सांगू, याच विचारात मी होतो. तुम्ही पुन्हा विचारलं नाही. मी मात्र उलटा तुमच्यावरच रुसलो, की माझा शब्द खाली पाडला! लाज कशी ती नव्हतीच मला. उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

त्याच हिवाळ्यात अकोल्याचा कार्यक्रम झाला. शाळेच्या मैदानावर मांडव, पुढं पाहुणे, एका बाजूला मुलींच्या शाळेच्या रांगा. मी शेवटचा, कारण सगळ्यांत चांगला मीच. वस्तादांचा एक नियम होता: आपल्या मनानं खांबावर नवीन काही करायचं नाही, केलं तर त्या पोराला आखाडा बंद. आणि शारीरिक शिक्षणाच्या कोर्ससाठी मला त्यांच्याच शिफारशीची चिठ्ठी हवी होती. हे सगळं माहीत असून मी बोंडावर उभा राहिलो आणि मला अंगात आल्यासारखं झालं. तुम्ही सूर लांब धरला होता. खालून मुली पाहत होत्या. मी ठरवलं, उतरताना हवेत एक जास्तीची गिरकी घ्यायची. कधी न केलेली. आणि तुमचं उतरतं वळण सुरू व्हायच्या आधीच मी उडी मारली.

घोटा वळला तो आवाज मला अजून ऐकू येतो. पण त्याहून पक्कं आठवतं ते असं की मी मातीत पडलो होतो आणि क्लारनेट वाजत होतं. तो लांब सूर तसाच चालला होता. तुम्ही मला पडलेलं पाहिलं आणि मग थांबले.

वस्ताद आणि चिटणीस धावत आले. "काय झालं रे?" आणि मी म्हणालो, "क्लारनेटचा सूर मधातच तुटला."

मांडवात दोन हजार कान असतील, भाऊ. एकानंही म्हटलं नाही की हे खोटं आहे. कारण कोणी ऐकतच नव्हतं. मागची चाल कोण ऐकतो? तुम्ही ज्याला तुमचं कसब म्हणायचे त्याच्याच आडोशाला मी लपलो. तुम्ही तीन पावलांवर क्लारनेट हातात धरून उभे होते. तुम्ही म्हणाले, "मन्या?" शिवी नाही, काही नाही. नुसतं विचारलं. मी डोळे मिटून घेतले, कळ असह्य झाल्यासारखे. खरं सांगतो, तेव्हा एवढी कळ नव्हती. कळ तर नंतर आली.

तिथंच थांबलो असतो तरी मेहरबानी. मी दवाखान्यात असताना चिटणीस आले. स्वतः लिहून आणलं होतं, चांगल्या वळणदार अक्षरात, की वादकाच्या निष्काळजीपणानं खेळाडूला दुखापत झाली. "वाच आणि सही कर. तुलेच पुढं बरं पडेल." मी वाचलं. घाई नव्हती, कोणी हात पिरगाळला नव्हता. सही केली. मला शिफारशीची चिठ्ठी मिळाली, कोर्स झाला, नोकरी लागली. तुमचं आखाड्यात येणं बंद झालं, आणि वर्षभरात तुम्ही जिन सोडून इकडं अकोल्याला डाळमिलमध्ये आले.

तुमच्या जागी आखाड्यात ग्रामोफोनच्या तबकड्या लावू लागले. पोट्टे वैतागले. तबकडी कोणासाठी थांबत नाही. माझ्यानंतरचा एक जण मला म्हणाला, "दादा, वर उभं राह्यलं का एकटं वाटते बे." 

मग तीन वर्षांपूर्वीचं ते. अकोल्यात कापड बाजारात तुम्ही समोरूनच आले. मी गल्लीत वळणार होतो, खोटं कशाला बोलू, पण तुम्ही हाक मारली. "मन्या!" तुम्ही वाळले होते, मिशीत डाळीचा पिवळा भुसा. तुम्ही विचारलं, "पाय कसा आहे?"

"बरा आहे, भाऊ."

"थंडीत दुखते?"

"दुखतो."

"दुखू दे," तुम्ही म्हणाले, आणि पिशवी खांद्यावर टाकून निघून गेले.

तुम्ही हसत होते की नव्हते, हे मला आजपर्यंत ठरवता आलं नाही. त्या दिवशी मागून धावत येऊन तुमचा हात धरायला काय लागत होतं? दहा पावलं. लंगडतसुद्धा आलो असतो. आलो नाही. घरी जाऊन स्वतःची समजूत काढली की भाऊंनी विचारपूस केली, म्हणजे मनात काही नाही. कसा निर्लज्ज मी! आणि रागही येतो मला, भाऊ, तुमचाच येतो. तुम्ही मला धरून हाणलं का नाही? कमिटीपुढं ओरडले का नाही? पण ओरडले असते तर कोणी ऐकलं असतं का, हे मला माहीत आहे, आणि तुम्हाला तर माझ्याआधी माहीत होतं.

आता परवाचं सांगतो. वहिनींनी चहा आणला. कप माझ्यापुढं ठेवला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "पाय दुखते काय अजून?" तेव्हा मला कळलं की त्यांना सगळं माहीत आहे. माझा कप खाली राहिला. मी सगळ्यांसमोर सांगितलं. गिरकीचं, उडीचं, सहीचं. पत्रिकेचंसुद्धा सांगितलं. सांगताना रडलो, आणि रडताना मनातल्या मनात असंही वाटत होतं की आता कोणीतरी पाठीवर हात ठेवील. बघा, काय माणूस आहे मी.

तुमच्या मिलमधले एक म्हातारे बाबा होते, ते म्हणाले, "हे आमाले मालूम आहे, मास्तर. आठ वर्सापासून मालूम आहे."

वहिनी म्हणाल्या, "आमाले काहून सांगता? ज्याईच्यापुढं खोटं बोलले त्याईच्यापुढं जाऊन सांगा ना."

म्हणून काल अमरावतीला गेलो. वस्ताद थकले आहेत आता, पण मल्लखांबाला एरंडेल अजून स्वतःच्या हातानं चोळतात. दुपार होती, आखाडा रिकामा. मी म्हणालो, "वस्ताद, सुखदेवभाऊ वारले." त्यांचा हात थांबला. मग मी सगळं सांगितलं. ते खांबाला चोळत राहिले. माझं सांगून झाल्यावर म्हणाले, "मले तवाच मालूम होतं. वाजवनाऱ्याचा डोया पायावर होता, मायाही होता. तू आधी उडला."

"मग तुम्ही बोलले का नाही?"

"कमिटीले तो माणूस खुर्चीवर नको होता. कारण पाह्यजे होतं त्याईले, दोन सालापासून शोधून राह्यले होते. तू देल्लं. मी काय बोलू? माया आखाडा बंद पडला असता."

मी म्हणालो, संध्याकाळी पोरं जमली की मी सर्वांपुढं सांगतो. ते म्हणाले, "माणूस गेला आता. पोट्ट्याईपुढं मायाबी मान खाली जाईन अन् तुईबी. कोनाले फायदा? बस. चहा घे."

आणि सुखदेवभाऊ, मी बसलो. चहा घेतला. पोरं यायच्या आधी निघालो आणि अकोल्याची गाडी पकडली.

एवढं करूनही सरळ बाळापूरला गेलो असतो तर बरं. पण मी तुमच्या घरी गेलो, काहीतरी केल्याच्या तोऱ्यात. वहिनी अंगणात तूर निवडत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, सांगून आलो."

"कोनाले?"

"वस्तादांना."

"आनखीन कोनाले?"

 त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. सुपातली तूर पाखडत म्हणाल्या, "म्हंजे ज्याले मालूम होतं त्यालेच सांगून आले."

"वस्ताद म्हणाले, आता काय उपयोग..."

"तुमी दोघाईनं मिळून ठरवलं काय, उपयोग?" मग सूप खाली ठेवलं. "पोरं कवा जमतेत तथी?"

"रोज संध्याकाळी. रविवारी सकाळी सगळे असतात, कमिटीसुद्धा."

"मंग रविवारी मी येतो तुमच्या संगं."

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? मी सांगतो ना, शब्द देतो."

त्या म्हणाल्या, "तुमी सांगतलं का नाही, हे मले कोन सांगीन? तुमी?"

 आज शनिवार आहे. मी हे शाळेच्या खोलीत बसून लिहितो आहे. वस्ताद काय म्हणतील, चिटणीस मला आत तरी येऊ देतील का, वहिनींना कुठं उभं करतील, काही माहीत नाही. बाळापूरहून पहाटे निघून मी अकोल्याच्या स्टँडवर त्यांना भेटायचं ठरलं आहे. दोनदा मनात आलं की ताप आला असा निरोप पाठवावा. पाठवला तरी त्या जातील. एकट्या जातील, आणि मी का आलो नाही तेही तिथं सर्वांना सांगतील.